चर्चिलचे अर्धेच वाक्य

यंदा पहिल्यांदा मतदान करणाऱ्या माझ्या भाच्याने सगळीकडे फिरत असलेला एक संदेश मला पाठवला आणि ‘मावशी, मग मत द्यायचेच कशाला?’ असे विचारले, म्हणून हे लिहिणे भाग आहे. संदेशाचे म्हणणे असे की, लोकशाही ही सर्वांत वाईट राज्यपद्धती असल्याचे खुद्द चर्चिलने सांगितले आहे, तिनेच सॉक्रेटिसचा जीव घेतला, तिनेच हिटलरला निवडून दिले; तेव्हा सत्ता एका खंबीर माणसाच्या हाती सोपवावी.

हे वाक्य चर्चिल ११ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात बोलला आणि त्या भाषणाचे अधिकृत इतिवृत्त कोणालाही वाचता येते. आजवर आजमावलेल्या बाकी सगळ्या पद्धती वगळल्या तर लोकशाही सर्वांत वाईट, असे म्हटले गेले आहे, हे त्याचे पूर्ण वाक्य. संदेशात नेमका ‘वगळल्या तर’ हाच भाग गाळला आहे, त्यामुळे तुलनेसाठी आलेला ‘वाईट’ हा शब्द थेट निकाल होऊन बसतो. लगेच पुढे तो म्हणतो की, मंत्री जनतेचे सेवक आहेत, मालक नव्हेत, आणि लोकमताचा त्यांच्यावर अंकुश हवा. लोकशाही मोडीत काढायला निघालेला माणूस असे बोलेल काय? त्या दिवशी तो निवडून न आलेल्या लॉर्ड्स सभागृहाचा विधेयके रोखण्याचा अधिकार दोन वर्षांवरून एका वर्षावर आणण्याला विरोध करत होता, आणि भारताला स्वराज्य देण्याच्या तर तो वर्षानुवर्षे आड आला, हे मान्य. पण त्याची विसंगती दाखवणे वेगळे आणि त्याच्या तोंडी उलटा अर्थ घालणे वेगळे.

सॉक्रेटिसचा मुद्दा निम्मा खरा आहे. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या नागरिक-पंचांनीच त्याला मृत्युदंड दिला. मात्र स्त्रियांना आणि गुलामांना मत नसलेली ती व्यवस्था आणि आजची प्रौढ मताधिकाराची लोकशाही यांना एकच शब्द लागू असला, तरी आशय एक नाही.

सर्वांत घातक आहे तो हिटलरचा दाखला. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याचा पक्ष सर्वांत मोठा ठरला हे खरे, पण मते सुमारे ३३ टक्केच होती. त्याला चॅन्सलरपदी, म्हणजे सरकारप्रमुखपदी, नेमले राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी, ३० जानेवारी १९३३ रोजी. विरोधकांची धरपकड चालू असताना झालेल्या मार्चच्या निवडणुकीतही त्याच्या पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नाही, आणि १४ जुलैला इतर सर्व पक्षांवर कायद्यानेच बंदी आली. संदेश जे करायला सांगतो, नेमके तेच तेव्हा घडले. ब्रिटिश मतदारांनी १९४५ मध्ये चर्चिलला सत्तेवरून दूर केले. हिटलरला तसे दूर करण्याचा मार्ग जर्मन मतदारांकडे उरला नाही.