पाण्यातला उंदीर आणि सरकारी अनुदान

सकाळपासून तोच मेसेज फिरतोय: ‘तुमच्या कराच्या पैशातून उंदीर बुडवतात!’ खाली नेहमीचे दोन तट. एकाला प्राण्यांवरचं सगळं संशोधन आजच्या आज बंद हवंय, दुसरा म्हणतो विज्ञानात नाक खुपसू नका. प्रयोग नक्की असतो काय, हे विचारावंसं कुणालाच वाटत नाही.

तर ऐका. नैराश्यावरचं औषध गुण देतं का, हे उंदरावर तपासायची ही चाचणी, ‘फोर्स्ड स्विम टेस्ट’. काचेचं उभं नळकांडं. शेपटी तळाला टेकणार नाही इतकं, साधारण १५ सेंटीमीटर पाणी, २३ ते २५ अंशांचं. उंदीर आत, ६ मिनिटं. पहिली २ मिनिटं सोडायची, उरलेल्या ४ मिनिटांत तो धडपड न करता नुसता किती सेकंद तरंगला ते मोजायचं. जास्त तरंगला तर ‘निराश’. औषध दिल्यावर कमी तरंगला तर औषध गुणकारी. पोर्सोल्ट या संशोधकांनी १९७७ मध्ये ही चाचणी मांडली. बुडवत कुणी नाही. बाहेर काढून, पुसून, ऊब द्यायची असते.

मला चीड येते ती त्या ‘निराश’ची. बाहेर पडायला वाट नाही हे कळलेला उंदीर शक्ती राखून तरंगतो, याला नैराश्य कशाच्या जोरावर म्हणायचं? कॅफीन किंवा अँफेटामाइनसारखं उत्तेजक दिलं तरी तो जास्त हातपाय मारतो. ती काय नैराश्यावरची औषधं झाली? माणसाला गोळीचा गुण यायला आठवडे लागतात. इथे एका डोसवर निकाल! आणि यावर लोकांचा पैसा?

त्यात निष्काळजीपणा वेगळा. पाणी गार असलं की उंदीर गारठतो, आकडा बिघडतो. आधीच्याच पाण्यात पुढचा सोडला की मागच्याच्या वासानं त्याचं वागणं बदलतं. औषध कुणाला दिलंय हे मोजणाऱ्याला ठाऊक असेल, तर स्टॉपवॉच नकळत त्याच्या मनासारखं थांबतं.

बरं, मान्य. नैराश्यावरची बरीच जुनी औषधं या चाचणीत उतरली, तीही झटपट. औषध आतड्यातून, यकृतातून मेंदूपर्यंत पोचतं का, हे बशीत वाढवलेल्या नुसत्या पेशींवरून पूर्ण कळत नाही, तेही मान्य. म्हणूनच ‘सगळं बंद’वाल्यांशी माझं जमत नाही. पण ही एक चाचणी? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं २०२४ मध्ये तिच्यावर कायद्यानं बंदी घातली. चांगलं केलं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सांगून ठेवलंय: पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा. यातलं ‘संख्या घटवा’ फार सोयीनं वाचलं जातं. गटात पाच-सहाच उंदीर घेतले की खरा फरक निसटतो, आणि दिसलाच तर फुगून दिसतो. दुसऱ्यानं करून बघितलं की हाती शून्य. म्हणजे ते पाच-सहाही फुकटच गेले ना? आपल्यातल्या कुणालाच मुक्या जिवाचे हाल बघवत नाहीत, पण नुसत्या कळवळ्यानं हा घोळ सुटत नाही.

पैसा देणाऱ्यांनी अर्जात बघावं: संख्या कोणत्या हिशेबानं ठरवली? चिठ्ठ्या टाकून गट पाडणार का? मोजणाऱ्यापासून गट लपवणार का? आणि हप्ता अडकवून ठेवावा. सगळे आकडे, नकोसे धरून, जाहीर झाल्याशिवाय शेवटचा पैसा सोडूच नये. नाहीतर फसलेला प्रयोग कपाटात पडतो आणि दुसरी प्रयोगशाळा तोच प्रयोग नव्या अनुदानावर, नव्या उंदरांवर पुन्हा करते.