निम्म्याच मुलांना लस दिली तर?

साथीच्या गणिताचा, म्हणजे रोग कसा पसरेल हे समीकरणांनी मांडणाऱ्या मॉडेलचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग आकडा बरोबर आला का?" आकड्याकडे येतोच, पण आधी रुबेला घ्या.

लहान मुलाला रुबेला झाला तर अंगावर पुरळ, किरकोळ ताप आणि चार दिवसांत मूल खेळायला मोकळं. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर मात्र बाळ मोतीबिंदू, बहिरेपण किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकतं. आता निम्म्याच मुलांना लस दिली असं धरा. विषाणूचं फिरणं मंदावतं, म्हणून उरलेल्यांना तो लहानपणी गाठत नाही. गाठतो तो विशी-पंचविशीत, ऐन गरोदरपणाच्या वयात. एकूण रुग्ण घटतात आणि दोष घेऊन जन्मणारी बाळं वाढू शकतात! लस चांगली, हेतू चांगला, तरीही. "नसल्यापेक्षा थोडी बरी" हा हिशोब इथे सपशेल उलटा पडतो. ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं निम्म्याहून कमी मुलांना लस मिळत राहिली आणि 1993 मध्ये तरुण वयातल्या लोकांत साथ आली. लसीकरण किमान 80 टक्के मुलांपर्यंत पोचत असेल तरच ही लस सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना 2024 पर्यंत सांगत होती ते याच गणितापायी.

मलेरियाची गोष्ट नेमकी उलटी. एकूण एक डास मारल्याशिवाय मलेरिया हटणार नाही, असं लोक म्हणत. मलेरिया डासांतून पसरतो हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसनी समीकरणं मांडून दाखवलं की डास एका मर्यादेखाली आणले तरी भागतं. म्हणजे अर्धवट उपाय एका रोगात पुरतो, दुसऱ्यात अंगाशी येतो, आणि कुठे काय होईल हे अंदाजपंचे ठरवता येत नाही.

आता आकडा. 2014 मध्ये इबोलाच्या साथीत अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की वाढीव उपाय झाले नाहीत तर लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये जानेवारीपर्यंत 14 लाख रुग्ण होऊ शकतात. अख्ख्या साथीत झाले सुमारे 28,600. लगेच "मॉडेल फसलं!" अहो, ते "झाले नाहीत तर" कुठे गेलं? मथळ्यात मावलं नाही म्हणून कापलं. सुमारे 70 टक्के रुग्णांना इतरांना लागण होणार नाही असं ठेवलं तर साथ आटोक्यात येईल, हेही त्याच अहवालात होतं. ते कोणी वाचलंच नाही. अर्थात 14 लाख फुगलेलेच होते. भीतीने लोक आपणहून वागणं बदलतात, ते त्यात धरलं नव्हतं.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: सरकारने मॉडेलचा हवाला देऊन शाळा बंद केल्या, तर मुलं घरी बसून किती जणांना भेटतील असं धरलंय, ते त्याच दिवशी सांगावं.