काळ्या पडद्यावरचा मेल आणि 'मर्यादाच नाहीत' हा दावा

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. सारांश असा: मट, अल्पाइन यांसारख्या टर्मिनलमधल्या (म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरच्या) मेल प्रोग्रामांना मर्यादा नाहीतच, मर्यादा असते ती तुमच्या शिकण्याच्या तयारीला. त्याखाली पाच मुद्दे. हे प्रोग्राम कायम वेगवान असतात. एचटीएमएलची, म्हणजे रंग, तक्ते, चित्रं असलेल्या मेलची, अडचण केव्हाच सुटली. ते आपोआप सुरक्षित आहेत. युनिकोडमुळे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीमुळे, मराठीही झकास चालते. आणि निव्वळ मजकूर असल्यामुळे दृष्टिहीनांना तेच सगळ्यात सोयीचे.

मी स्वतः बरीच वर्षं मट वापरतोय आणि उद्याही वापरणार आहे. म्हणूनच हे कीर्तन खटकलं. मटचे कर्ते मायकेल एल्किन्स यांनी १९९५ च्या सुमारास स्वतःच म्हणून ठेवलंय की सगळेच मेल प्रोग्राम भिकार असतात, हा जरा कमी भिकार आहे. कर्त्याला कबूल आहे ते भक्तांना नाही!

आधी वेग. हजारो मेलची यादी भराभर खालवर करता येते, हे खरं. पण मट एका वेळी एकच काम करतो. आयमॅपवरून (सर्व्हरवरचे मेल वाचायच्या पद्धतीने) मेल उतरवताना नेट अडकलं की पडदा गोठतो. मग कुठलंही बटण दाबा, हूं की चूं नाही. मजकुरात शब्द शोधायचा सरळ मार्ग घेतला तर फोल्डरमधला एकेक मेल खाली उतरवून तपासला जातो. हे काम सर्व्हरवरच व्हायला हवं असेल तर शोधाच्या आज्ञेत टिल्डच्या (~) जागी बरोबरचं चिन्ह (=) टाकायचं असतं, आणि ते पुस्तिका वाचल्याशिवाय कुणाला कळणार? म्हणून जाणकार मंडळी एमबीसिंक या प्रोग्रामने मेल आधी डिस्कवर आणतात आणि नॉटमच या दुसऱ्या प्रोग्रामने शोधतात. वेग मिळतो, पण तो तीन प्रोग्रामांची मोट बांधून.

एचटीएमएलचं म्हणाल तर 'सुटली' म्हणजे काय? मेलकॅप फाइलमध्ये (कशासाठी कुठला प्रोग्राम वापरायचा ते सांगणारी फाइल) एक ओळ लिहायची, मग डब्ल्यू३एम किंवा लिंक्स हा अक्षरी ब्राउझर त्या मेलचा साधा मजकूर करून देतो. साध्या पत्राला तेवढं पुरतं. मागे एका बसचं तिकीट मला असंच आलं. मूळ मेलमध्ये तक्त्यात तक्ता होता. माझ्या पडद्यावर त्यातले चार आकडे एकाखाली एक पडले होते, शीर्षकं भलतीकडेच. सीट नंबर कुठला आणि भाडं कुठलं ते अंदाजाने ठरवलं. क्यूआर कोडच्या जागी नुसतं एका चित्राच्या फाइलचं नाव. त्याहून वाईट म्हणजे ऑफिसातलं ते लाडकं वाक्य: 'माझी उत्तरं खाली लाल रंगात दिली आहेत.' साध्या मजकुरात लाल रंग उरतच नाही. कुणाचा प्रश्न आणि कुणाचं उत्तर, हे मला दोनदा फोन करून विचारावं लागलंय. यात शिकण्याचा आळस कुठे आला?

सुरक्षिततेच्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे. दूरची चित्रं आपोआप उघडत नाहीत, त्यामुळे मेल वाचल्याची चुगली होत नाही. स्क्रिप्टही चालत नाही. पण 'आपोआप सुरक्षित' म्हणू नका. २०१८ मध्ये मटमध्येच असं भोक सापडलं होतं की दुष्ट आयमॅप सर्व्हर काही परिस्थितीत तुमच्या मशीनवर हव्या त्या आज्ञा चालवू शकला असता. १.१०.१ या आवृत्तीत ते बुजवलं. अटॅचमेंट तर शेवटी इतरांसारखीच लिबरऑफिसमध्ये उघडते.

आता मराठी, आणि इथे मात्र मला रागच आला. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकटींचा तक्ता. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनल यंत्रावर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या. आजच्या टर्मिनलच्या खिडक्या त्याचीच नक्कल करतात. एका चौकटीत एक अक्षर हा हिशेब रोमन लिपीचा. आपला 'पत्रिका' शब्द घ्या. युनिकोडच्या लेखी ती सात चिन्हं: प, त, हलन्त, र, पहिली वेलांटी, क, काना. वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात तीन. मग चौकटी किती? मेल प्रोग्राम आपला हिशेब करतो, टर्मिनल आपला, आणि दोघांचं जमलं नाही की ओळ विस्कटते. पाठवणाऱ्याचं नाव देवनागरीत असलं की पुढचा आकाराचा आणि विषयाचा रकाना सरकतो. पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, काढायची असते आधी. चौकटीमागून चौकट रंगवणारं टर्मिनल ती तशीच उजवीकडे लोंबती ठेवतं. जोडाक्षर होत नाही, त चा पाय मोडकाच राहतो.

युनिकोड चिन्हाला क्रमांक देतो. त्यांचा आकार जुळवणं हे फॉन्टचं आणि शेपिंग, म्हणजे अक्षरांची जोडणी, करणाऱ्या यंत्रणेचं काम, आणि टर्मिनलमध्ये ते मटच्या हातातच नाही. मटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये शंभर ओळी लिहा, फरक शून्य. एमएलटर्मसारखं भारतीय लिप्या जाणणारं टर्मिनल आहे. ईमॅक्स या मजकूर-संपादकात देवनागरी छान दिसते, पण ग्राफिक खिडकीत, म्हणजे ज्याला नाकं मुरडायची तिथेच. माझ्या आत्याचा लांबलचक मेल आला की मी मुकाट्याने फोन काढतो.

राहिला दृष्टिहीनांचा मुद्दा. पडद्यावर मजकूर आहे म्हणून स्क्रीन रीडरला (पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) तो समजला, असं होत नाही. नीट बांधलेला ग्राफिक प्रोग्राम त्याला सांगतो की ही यादी आहे, त्यातली तिसरी नोंद निवडलेली आहे, हे बटण आहे. टर्मिनलकडे सांगायला चौकटींतली अक्षरं आणि कर्सरची जागा, एवढंच. निवडलेला मेल रंग उलटा करून दाखवला, तर ज्याला रंग दिसत नाही त्याला काय कळणार? त्यात मटचा कर्सर एरवी ओळीच्या शेवटी, पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन बसतो. तो निवडलेल्या ओळीच्या सुरुवातीला राहावा म्हणून 'ब्रेल फ्रेंडली' नावाची एक सेटिंग आहे. मूळ मांडणीत ती बंद असते.