कर्नलसाहेब व्हा, शतकं आपोआप होतील

जन्म योग्य घरात घ्यावा, गाव कुठलंही चालेल. इंग्रज लष्करी अधिकारी आणि हॅम्पशायर या इंग्लिश काउंटीचे क्रिकेटपटू जॉन ग्लेनी ग्रेग यांनी 1871 मध्ये महूच्या छावणीत घेतला. शाळेला मात्र विलायत गाठावी. ते डाउनसाइडला शिकले. मित्रांनी 'जंगली' म्हणून हाक मारली तर रागावू नका, त्यांनाही जन्मभर तसंच म्हणत.

नोकरी लष्कराची धरा. पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून, हवा पुण्याची, संध्याकाळ जिमखान्याची. त्यातही गव्हर्नरच्या पदरी लागलात तर सोन्याहून पिवळं. लॉर्ड हॅरिस हे इंग्लंडचे माजी कर्णधार मुंबईचे गव्हर्नर होते. 1893 ला मुंबईत दंगल पेटली तेव्हा ते पुण्यात गणेशखिंडीला होते. नवव्या दिवशी परतले, आणि तेही सामना पाहायला, असं त्यांचे टीकाकार म्हणत. असा साहेब भाग्यानेच मिळतो. त्यांचे एडीसी, म्हणजे दिमतीचे लष्करी अधिकारी, रॉबर्ट पूअर हिंदुस्थानात पुस्तकं वाचून फलंदाजी शिकले आणि 1899 मध्ये टॉन्टनला हॅम्पशायरतर्फे 304 धावा काढून मोकळे झाले. दुसऱ्या टोकाला जोडीदार कॅप्टन विनयार्ड. दोघांची भागी 411 ची. इंग्लंडच्या संरक्षणाची चिंता त्या दिवशी कोण वाहत होतं, कोण जाणे.

पुस्तकांचा कंटाळा असेल तर ग्रेगसाहेबांची रीत उचला. पूना जिमखान्यावर खेळपट्टी लाटायला, नेट लावायला पळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला पोरगा होता. डावखुरा फिरकी गोलंदाज, पगार महिना 4 रुपये. बाकीचे साहेब यायच्या तासभर आधी ग्रेग हजर, आणि बाळूने टाकत राहायचं. बाद केलं की 8 आणे बक्षीस, असं सांगतात. म्हणजे महिन्यात 8 वेळा साहेबांना बाद केलं की पगार दुप्पट! एवढ्या स्वस्तात जगातला कुठला फलंदाज तयार झाला असेल? फक्त एक पथ्य पाळा: त्या पोराच्या हातात बॅट द्यायची नाही. ग्रेगसाहेबांच्या जिमखान्याने ते काटेकोर पाळलं.

तयारी झाली की भरपूर रजा टाका. 1901 च्या मोसमात ग्रेगनी लिव्हरपूलला लँकशायरविरुद्ध नाबाद 249 केल्या. धावफलकावर 'कॅप्टन' आवर्जून लावून घ्या. सरकारी पगारावर मोसमभर खेळलात तरी तुम्ही हौशी खेळाडूच, आणि महिना 4 रुपयांवर राबणारा तो धंदेवाईक. तेव्हाचा नियमच तसा, आपण काय करणार?

धोका एकच. असल्या गोलंदाजाची कीर्ती जिमखान्याबाहेर जाते. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतलं. चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. या बाबतीत आपल्या मंडळींना साहेबाकडून शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. 1906 मध्ये मुंबईला हिंदूंनी 242 आणि 160 केल्या, युरोपियनांना 191 आणि 102 वर गुंडाळलं आणि 109 धावांनी सामना घेतला. गोलंदाजीत बाळू होताच. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. तेव्हा तुमच्या नेटमधला गोलंदाज बेताचाच असू द्या, किंवा मग त्याला सतत खेळपट्टी लाटण्यात गुंतवून ठेवा.

पुढे कर्नल व्हा, गव्हर्नरचे लष्करी सचिव व्हा, सीआयई हा सरकारी किताब मिळवा, मायदेशी हॅम्पशायर क्लबचं सचिवपद सांभाळा. एवढं करूनही वेळ जात नसेल तर ग्रेगसाहेबांसारखे कॅथलिक पाद्री व्हा. काम सोपं असतं: पापांची कबुली इतरांनी द्यायची, आपण पडद्याआड बसून ऐकायची.