"बाई नको" असं कधीच म्हणायचं नाही

अभिनंदन, तुम्ही ईपी, म्हणजे सिरीयलचे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, झालात. आता युनिट तुम्ही भरणार, तर पहिला नियम पाठ करून टाका, "बाई नको" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. तो जमाना गेला. आता फक्त कारण द्यायचं, आणि ते असं द्यायचं की ऐकणारीलाच वाटलं पाहिजे, अरे हा तर माझ्या काळजीपोटी बोलतोय.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. एखादी मुलगी आली, म्हणाली मला कॅमेरा डिपार्टमेंटला यायचंय, तर हसायचं नाही, खांद्यावर हात तर अजिबात ठेवायचा नाही (हल्ली कमिटी असते), नुसतं म्हणायचं, "अगं, कॅमेरा जड असतो." बास. खांद्यावरचा मोठा कॅमेरा लेन्स-बॅटरीसकट असेल आठ-दहा किलोचा. तुमच्याच सिरीयलची हिरॉइन दोन वर्षांचं धष्टपुष्ट पोर कडेवर घेऊन सात रीटेक देते ते वजन यात धरायचं नाही, ती ममता. आता तर तळहातावर मावणारे कॅमेरे आलेत, तरी हे कारण अजून चालतंय, टाकून देऊ नका. आणि फारच हट्टाला पेटली तर घ्या तिला आणि लेन्सच्या पेट्या वाहायला लावा. भरलेली पेटी कॅमेऱ्याहून जड लागते, पण ती उचलताना "अगं जड आहे" म्हणत कोणी धावत आलेलं मी तरी बघितलेलं नाही.

कंटिन्युइटीला, म्हणजे सीनला सीन जुळतोय ना ते बघायला, मात्र मुलगीच घ्या. हॉलिवूडमध्ये पूर्वी या कामाला स्क्रिप्ट गर्लच म्हणायचे, म्हणजे पोस्टच्या नावातच सोय. हिरोच्या शर्टाची बटणं कालच्या सीनला दोन उघडी होती की तीन, घड्याळ कुठल्या हातात, ग्लासातलं पाणी कुठपर्यंत, सगळं तिच्या डोक्यात. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आली, डायरेक्टर एडिटला अडकलाय, तर दोन सीन तीच उरकून देते, नाव त्याचंच जातं ते सोडा. मग एक दिवस ती येणार आणि विचारणार, सर मी डायरेक्ट करू का एखादा एपिसोड? घाबरायचं नाही. म्हणायचं, "तुझ्यासारखी नजर आख्ख्या युनिटमध्ये कोणाची नाही गं, तू गेलीस तर हे कोण बघणार?" कौतुकासारखा खिळा नाही, माणूस जागचा हलत नाही.

पैशाला जरा अभ्यास लागतो. बीबीसीवर समीरा अहमद 'न्यूजवॉच' करायच्या, एपिसोडला ४४० पाउंड. जेरेमी व्हाइन 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू' करायचे, एपिसोडला ३,००० पाउंड. दोन्ही कार्यक्रम पंधरा मिनिटांचे, दोन्हीत प्रेक्षकांची पत्रं नि तक्रारी, दोघांसमोर ऑटोक्यू, म्हणजे बघून वाचायची स्क्रिप्ट दाखवणारा पडदा. बाई गेल्या नोकरीतले तंटे सोडवणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये. तिथे बीबीसीचं म्हणणं काय, तर त्या दुसऱ्या कार्यक्रमाला अँकरच्या डोळ्यांत चमक लागते. मिश्कील चमक! मला तर वाचून भरूनच आलं, काय कारण आहे, मोजता येत नाही, बिलावर लिहिता येत नाही, आणि तुमच्यात नाही म्हटलं की नाही. पण ट्रिब्युनल पडलं अरसिक, त्यांना कळेचना की चमक म्हणजे नक्की कुठलं स्किल, आणि स्क्रिप्टमध्ये डोळे फिरवा लिहिलं की डोळे फिरवायचे यात वेगळा अनुभव कसला लागतो. जानेवारी २०२० मध्ये निकाल बाईंच्या बाजूने लागला. तेव्हा चमक जरूर वापरा, फक्त लेखी देऊ नका.

"त्याचं नाव मोठंय" हे पण बरं पडतं. 'द क्राउन' या सिरीजची गोष्ट इंग्लंडच्या राणीची, राणी झाली क्लेअर फॉय, आणि जास्त पैसे राणीच्या नवऱ्याला, म्हणजे मॅट स्मिथला. २०१८ मध्ये निर्मात्यांनी स्वतःच सांगून टाकलं. कशाला सांगायचं म्हणतो मी.

आपले लोकही काही कमी नाहीत बरं का. मुंबईतल्या सिने मेकअपवाल्यांच्या संघटनेत कित्येक दशकं बायकांना हेअरड्रेसरचं कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्टचं नाही. म्हणजे कपाळाच्या वर बाई, कपाळाच्या खाली पुरुष. कारण? दोघांनाही काम मिळावं म्हणून! अडवणुकीला वाटणी म्हणायला डोकं लागतं राव. १० नोव्हेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने हा सगळा प्रकार बंद करायला लावला, तेव्हा या आयडियेतला नियम गेला असं समजा, आयडिया शाबूत आहे.

आउटडोअरला टॉयलेटचं बजेट धरायचं नाही. व्हॅनिटी आर्टिस्टची, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर कुठे ते कोणालाच माहीत नसतं. पोरी हुशार असतात, आपणहून पाणी प्यायच्या थांबतात. सकाळी सातच्या कॉलटाईमला दिलेली बाटली पॅकअपला तशीच सील न तोडलेली, आणि मग तुम्ही मीटिंगमध्ये खऱ्या काळजीने सांगू शकता की मुलींना आउटडोअर झेपत नाही, मागच्या शेड्युलला एक चक्कर येऊन पडली.

बाळंतपणाची रजा नाकारायची गरजच पडत नाही. सगळ्या फ्रीलान्स असतात, कॉन्ट्रॅक्ट संपतं तेवढंच. शुभेच्छांचा मेसेज टाका ग्रुपवर.

बाकी ८ मार्च विसरू नका. त्या दिवशी सगळ्या जणींना सेटवर एका रांगेत उभं करून फोटो काढायचा, वर लिहायचं आमची शक्ती वगैरे, चॅनेलला टॅग करायचं. फक्त फोटो काढायला त्या लेन्सच्या पेट्यावाल्या मुलीला सांगू नका. ती फोटोत पाहिजे, हातात कॅमेरा देऊन, मधोमध. एकच तर आहे तुमच्याकडे.