न घडलेल्या गोष्टीचा फोटो कसा काढावा

लैंगिक अत्याचार घडूच नयेत म्हणून तालुक्यात काही करावं असं तुमच्या संस्थेच्या मनात आलं असेल, तर अभिनंदन. आता ते मनातून काढा आणि प्रस्ताव लिहायला बसा.

महिलांच्या सुरक्षेसाठीच्या केंद्राच्या निर्भया निधीच्या वाटेला जाऊ नका. २०१३ मध्ये १,००० कोटींनी सुरू झालेला तो निधी मंत्रालयं आणि राज्य सरकारं मागतात. तुमच्या लेटरहेडला तिथं खिडकीच नाही. तुमची खिडकी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाची, नाहीतर जिल्हा परिषदेची. मंडणगडहून रत्नागिरीला जाऊन यायला दिवस मोडतो, तेव्हा पहाटेची गाडी धरा. थांब्यावरचा दिवा बंद असेल. त्याचं नाव प्रस्तावात काढू नका.

कागद नेहमीचेच: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आयकर सवलतीचं बारा-ए, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा. घोडं अडतं ते या उताऱ्यापाशी. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. तुम्ही तो दिला नाही, किंवा दिला आणि मंजूर झाला नाही. म्हणून उताऱ्यावर कै. अध्यक्ष अजून हयात आहेत आणि सही त्यांचीच लागणार. (आपले पितर कावळा होऊन घास घेतात, शिक्का मारत नाहीत.)

आता उपक्रम. राष्ट्रीय गुन्हे नोंदीत बलात्काराच्या दर दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, लग्नाचं वचन दिलेला. म्हणजे काम घरातल्या माणसांशी बोलण्याचं. आठवी-नववीच्या मुलांशी वर्षभर, दर पंधरवड्याला, त्याच त्या दोन समुपदेशकांनी. एक वाडी डोंगरात, दुसरी खाडीपलीकडे, म्हणजे प्रवासखर्च आलाच. हे सगळं प्रस्तावात लिहाल तर मानधन आणि प्रवास या दोन ओळींवर लाल रेघ येईल. त्याऐवजी ‘मुलींसाठी एक दिवसीय कराटे’ लिहा. अनोळखी हल्लेखोराला मारायची लाथ फोटोत झकास दिसते. काकाला ती कशी मारायची, हे छाननीत कोणी विचारत नाही.

पैसे मार्चच्या मध्यावर येतील आणि ३१ मार्चपूर्वी संपवावे लागतील. तेव्हा शाळेत परीक्षा, बागेत आंबा आणि गावात शिमगा. घाबरू नका. बचत गटाची बैठक आधीच ठरलेली असते. तिच्यामागे फ्लेक्स ताणा आणि चहा-वडापाव ठेवा. उपस्थिती पत्रकावर सह्या पाठपोट घ्या. फोटोत तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटू देत, कारण एकच शिबिर दोन योजनांत दाखवणारे तुमच्याआधी येऊन गेलेत.

समुपदेशनाचा हिशेब देताना मात्र जपून. कार्यालय म्हणेल, लाभार्थी यादी जोडा: नाव, गाव, आधार, सही. पीडितेची ओळख प्रसिद्ध केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद. तुम्ही सांकेतिक क्रमांक द्याल. फाइल परत येईल, शेरा: ‘नावे नमूद नाहीत.’

याउपर तुम्ही गुपचूप खरंच काम केलंत, तर आणखी पंचाईत. मुलं बोलू लागतील. एखादी सातवीतली मुलगी बाईंना काही सांगेल, आणि पॉक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागेल; दडवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. तक्रारी शून्याच्या तीन होतील. आढावा बैठकीत विचारतील, “अनुदान दिल्यावर गुन्हे वाढले कसे?” पूर्वी त्या मुली गप्प होत्या, हे उत्तर रकान्यात मावत नाही. ‘जनजागृतीत लक्षणीय वाढ’ एवढंच लिहा.

शेवटी अनुदान कुठे खर्चलं ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र, नमुना १२-ए (आयकराचं बारा-ए वेगळं). उरलेली रक्कम व्याजासकट परत करायची असते. त्यातून थांब्यावर दिवा लावू, असा मोह होईल. जमणार नाही; दिवा ग्रामपंचायतीचा, आणि जनजागृतीच्या शीर्षात बल्ब बसत नाही. फ्लेक्स बसतो. तो दहा बाय आठचा आणि जाड घ्या. मे अखेरीस आगोटीची बेगमी करताना लाकडांच्या रचावर टाकायला बरा पडतो.