बाटलीवरचा नंबर पुसून कुणाचं भलं होणार?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला. संध्याकाळपर्यंत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, रात्री शाळेच्या. मजकूर थोडक्यात असा: कॉलेजातली मुलं ई. कोलाय नावाच्या विषारी जंतूत परके जीन घालतात. कोणता जीन किती धोक्याचा याच्या याद्या नेटवर उघड्या आहेत, म्हणजे अतिरेक्यांना आयती कृती. भारतात याला कायदाच नाही. तेव्हा या याद्या ताबडतोब बंद करा.

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये हेच काम करते, म्हणून उत्तर लिहायला बसले.

आधी तो 'विषारी' ई. कोलाय. लॅबमध्ये वापरतात तो बहुतेक के-१२ घराण्यातला. १९२२ साली वेगळा केलेला, आणि शंभर वर्षं प्लेटवर आयतं खाऊन इतका लाडावलेला की माणसाच्या आतड्यात त्याचा टिकाव लागत नाही. रक्ताची हगवण लावणारा ओ१५७:एच७ वेगळा, तो १९८२ साली अमेरिकेत लक्षात आला. दोघांचं आडनाव एक, एवढंच. मुंबईतल्या एका पाटलावर गुन्हा दाखल झाला म्हणून सगळ्या पाटलांना आत टाकतात का?

आता 'यादी म्हणजे कृती'. आमच्याकडे 'पार्ट' म्हणतात तो डीएनएचा एक तुकडा, ज्याला नेमून दिलेलं काम असतं: कुणी जनुक चालू करतो, कुणी प्रथिन घडवायला सांगतो, कुणी थांबवतो. अशा पार्टची सामायिक नोंदवही अमेरिकेत एमआयटीमध्ये २००३ साली सुरू झाली आणि आयजेम या विद्यार्थ्यांच्या जनुकरचनेच्या स्पर्धेतल्या मुलांनी ती वाढवली. पार्टबरोबर सुरक्षेची नोंद करायची म्हणजे काय लिहायचं? तुकडा मूळ कुठल्या जिवातला, तो जीव धोक्याच्या चार गटांपैकी कुठल्या गटात, त्यातून होणारं प्रथिन काय करतं, आजवर कुठल्या जंतूत घालून पाहिलंय, सोबत कुठल्या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक आहे, आणि काम झाल्यावर मारायचं कसं. याचं उत्तर बहुधा १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारा मोठा कुकर. यावरून कुणी काय शिजवणार?

यावर काकांचा मेसेज आला: 'यादी हवीच कशाला? वाईट जंतूतलं ते वाईट, चांगल्यातलं ते चांगलं.' काका, लहानपणी नाक दाबून पाजलेलं एरंडेल आठवतंय ना? त्याच एरंडीच्या बीमध्ये रायसिन हे जहाल विष असतं. तेल काढताना ते चोथ्यात राहतं. एरंड हे परसातलं झाड, तो काही रोगजंतू नव्हे, त्यामुळे त्याला धोक्याचा गटच नाही. फॉर्मवर फक्त 'मूळ जीव कोणता' एवढंच विचारलं, तर रायसिनचं जनुक बिनबोभाट पुढे सरकेल. उलट धनुर्वाताचं विष निर्विष करून आपण दंडात टोचून घेतो.

आणि तुकडा तोच राहिला तरी घर बदललं की हिशेब बदलतो. कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक आमच्या के-१२ मध्ये रोज असतं, तुकडा आत शिरला की नाही हे ओळखायची नुसती खूण म्हणून. पण कॅनामायसिन आणि त्याच्या जातीची औषधं हट्टी क्षयावर वर्षानुवर्षं वापरली गेली. क्षयाच्या जंतूत तोच तुकडा घालायचा तर दहादा विचार करावा लागेल. ज्या शहरात शिवडीला क्षयाचं एवढं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे हे वेगळं सांगायला नको. म्हणून नोंदीत 'सुरक्षित' असा शिक्का मारून भागत नाही. कशात, कशाबरोबर, हे लिहावंच लागतं.

कायद्याचं दोन ओळींत. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली जनुकबदल केलेल्या जिवांसाठी नियम झाले. असं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते, आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या मार्गदर्शक सूचना २०१७ साली नव्याने आल्या. 'कायदाच नाही' हे धादांत खोटं. कागद समितीच्या कपाटात आणि ट्यूब फ्रीझरमध्ये, दोघांची पुन्हा गाठ पडत नाही, ही तक्रार केली असती तर मीच त्याखाली सही केली असती.

फॉरवर्डमध्ये खरं काहीच नाही असंही नाही. २०११ साली बर्ड फ्लूचा विषाणू सस्तन प्राण्यांत हवेतून पसरेल असे बदल करणारे दोन शोधनिबंध तयार झाले, तेव्हा अमेरिकेच्या जैवसुरक्षेच्या सल्लागार मंडळानेच तपशील गाळा म्हणून सांगितलं होतं. पुढच्या वर्षी मत बदललं आणि निबंध छापले गेले. मला विचाराल तर ती शंका रास्त होती. जंतू अधिक घातक कसा करायचा, हे चव्हाट्यावर मांडू नये. पण हातातली वस्तू कशी सांभाळायची, हे लपवून काय साधणार? डीएनए बनवून विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा २००९पासून एक संघ आहे. आलेली ऑर्डर ते घातक जंतूंच्या यादीशी ताडून बघतात. सक्ती नाही, ही त्यातली खोट आहेच. पण याद्याच बंद केल्या तर ताडायचं कशाशी?

आणि नोंद नसली की काय होतं, हे परळला ठाऊक आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुलकोवाल गावी परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली, हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगची लस १०७ जणांना टोचली. १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले: ५३-एन. बाटलीला नंबर होता म्हणून बाकीच्या बाटल्या दोषी नाहीत हे कळलं. ती उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच बुचाला लावला, हेही साक्षीत आलं होतं. तरी हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. नंबरच नसता तर?

आमच्या फ्रीझरची गोष्ट यापुढे किरकोळ. जुलैत तो बंद पडला, बर्फ वितळला, तेव्हा तळाशी अकरा ट्यूब सापडल्या. झाकणांवर मार्करने लिहिलेलं कुणीतरी स्पिरिटचा बोळा फिरवताना पुसून गेलेलं. एकीवर 'जी-३' एवढं वाचता आलं. ठेवणारी मुलगी दोन वर्षांपूर्वी एमएस्सी करून गेली, तिचा फोन लागला नाही. हिरवा चमकणारा जेलीफिशचा निरुपद्रवी तुकडा असेल, बहुतेक तोच. पण 'बहुतेक'वर हात घालता येत नाही. अकराच्या अकरा मी ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्या.